कंप्लिशन तीन दिवसांवर आणि सॉलिसिटरच्या बिलात पंधराशे पौंड जास्त

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही तपासता येईल. रेडिंगजवळ दोन बेडरूमचा लीजहोल्ड (म्हणजे लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावरचा) फ्लॅट, किंमत ३,२५,००० पौंड, तुम्हा दोघांचं पहिलं घर. सॉलिसिटरने सुरुवातीला '९५० पौंड अधिक व्हॅट, फिक्स्ड फी' असं लिहून दिलं होतं. एक्सचेंज, म्हणजे सह्या केलेल्या करारांची अदलाबदल, झालंय, कंप्लिशन, म्हणजे उरलेले पैसे देऊन घर ताब्यात घ्यायचा दिवस, शुक्रवारी आहे, आणि मंगळवारी संध्याकाळी आलेल्या अंतिम हिशेबात आधी कधीच न ऐकलेले १,५०० पौंड आहेत. भरायचे की अडून बसायचं, हा प्रश्न. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखी एक ओळ: पुण्यातल्या वडिलांच्या फ्लॅटवर तुमचंही नाव आहे, त्याचा इथे काही संबंध नाही ना?

संबंध आहे, आणि तो या पंधराशे पौंडांपेक्षा कितीतरी मोठा असू शकतो. त्याबद्दल शेवटी सविस्तर लिहिते, पण तो भाग वाचल्याशिवाय सॉलिसिटरला ईमेल पाठवू नका. मी इंग्लंडमध्ये घरखरेदीचीच कायदेशीर कामं करते, आणि खाली लिहिलेलं इंग्लंड आणि वेल्सपुरतं आहे, स्टॅम्प ड्यूटीचा भाग मात्र फक्त इंग्लंडचा, कारण वेल्सचा कर वेगळा आहे. स्कॉटलंडची पद्धत वेगळी.

आधी शुक्रवारचं. एक्सचेंज झालं म्हणजे तुम्ही करारात बांधले गेलात. ठरलेल्या दिवशी पैसे पोहोचले नाहीत तर विक्रेता व्याज मागू शकतो, कंप्लिशनची नोटीस देऊ शकतो, आणि त्या नोटिशीचे कामकाजाचे दहा दिवस उलटले की करार मोडून डिपॉझिट ठेवून घेऊ शकतो. दहा टक्के डिपॉझिट दिलं असेल तर तुमच्या बाबतीत ते ३२,५०० पौंड. सॉलिसिटरचं बिल कितीही चुकीचं वाटलं तरी त्यासाठी हा धोका पत्करू नका. पैसे भरा, पण भरतानाच एक छोटा ईमेल लिहा: कंप्लिशनला उशीर होऊ नये एवढ्यासाठीच ही रक्कम देत आहोत, अमुक अमुक बाबी आम्हाला मान्य नाहीत, आणि त्यांचा खुलासा व परतावा मागण्याचा आमचा हक्क आम्ही राखून ठेवत आहोत. दोन-तीन वाक्यं पुरतात. ती लेखी असली आणि पैसे पाठवण्याआधी गेलेली असली म्हणजे झालं.

आणि पैसे पाठवण्याआधी फोन करा. ऐनवेळी रक्कम बदललेला कागद ईमेलने येतो, खाली बँकेचा खातेक्रमांक असतो, माणूस घाईत असतो. घर घेणाऱ्यांचे पैसे चोरणारे नेमके हेच दिवस हेरतात. पहिल्या पत्रावर छापलेल्या नंबरवर फोन करून खातेक्रमांक एकेक आकडा वाचून पडताळून घ्या. ईमेलमध्ये दिलेल्या नंबरवर करू नका.

आता तो हिशेब. तुम्ही पाठवलेल्या यादीत फर्मच्या नावावर सहा ओळी आहेत: लीजहोल्डसाठी २५०, मॉर्टगेज देणाऱ्या बँकेचं काम पाहण्याचे १५०, वडिलांनी दिलेल्या पैशांच्या तपासणीचे १००, दोन लाइफटाइम आयसाचे (पहिल्या घरासाठी वापरता येणारी बचत खाती) मिळून १००, बँक ट्रान्सफरचे ४०, आणि 'अतिरिक्त काम' म्हणून ३५०. बेरीज ९९०, त्यावर २० टक्के व्हॅट १९८, एकूण १,१८८ पौंड. उरलेले ३१२ इमारतीच्या मॅनेजिंग एजंटचे: मालक बदलल्याची आणि मॉर्टगेज चढल्याची अशा दोन नोटिशींचे १९२, आणि अटी पाळल्याच्या दाखल्याचे १२०.

हे ३१२ बाजूला काढा. ते फर्मच्या खिशात जात नाहीत. लीजमध्येच लिहिलेलं असतं की फ्लॅट विकत घेणाऱ्याने फ्रीहोल्डच्या, म्हणजे मूळ जमीन-इमारतीच्या, मालकाला रीतसर कळवायचं आणि त्याची फी भरायची. लीजच्या अटी पाळल्याचा दाखला मिळाल्याशिवाय लँड रजिस्ट्री (मालकीची नोंद ठेवणारं सरकारी कार्यालय) तुमचं नाव लावणार नाही, अशी नोंद अनेक फ्लॅटच्या रजिस्टरवर असते. नेमका आकडा एजंटची कागदपत्रं आली की कळतो, त्यामुळे पहिल्या दिवशी तो सांगता येत नाही हे खरं. पण ती कागदपत्रं एक्सचेंजच्या आधी तुमच्या सॉलिसिटरच्या टेबलावर आलेली असणार. तेव्हाच तुम्हाला कळवायला हवं होतं. त्याबद्दल खडसवायला हरकत नाही, परतावा मात्र मिळणार नाही.

बाकीच्या ९९० पौंडांकडे बघताना 'ही फी जास्त आहे का' असं विचारू नका. तारखा बघा. प्रत्येक ओळीसमोर दोन तारखा लिहा: ही गोष्ट सॉलिसिटरला कधी कळली, आणि तिचे पैसे पडणार हे त्यांनी तुम्हाला लेखी कधी सांगितलं. इथल्या सॉलिसिटरांच्या आचारसंहितेनुसार काम घेतानाच एकूण खर्चाची जास्तीत जास्त चांगली माहिती द्यावी लागते, आणि काम पुढे जाईल तसतशी गरज पडेल तेव्हा पुन्हा द्यावी लागते. डिसेंबर २०१८ पासून तर घरखरेदीची कामं करणाऱ्या फर्मना आपले दर, त्यावरचा व्हॅट आणि बाहेरचे संभाव्य खर्च आधीच जाहीर करावे लागतात. शिवाय २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार, सेवा देणाऱ्याने सांगितलेल्या ज्या गोष्टीवर विसंबून तुम्ही निर्णय घेतला, ती कराराचा भाग धरली जाते. 'फिक्स्ड फी' हे दोन शब्द त्यांनी लिहिलेत, त्यांना वजन आहे.

या कसोटीवर लीजहोल्डचे २५० आणि मॉर्टगेजचे १५० लगेच उघडे पडतात. फ्लॅट लीजहोल्ड आहे हे त्यांना पहिल्या दिवशी माहीत होतं. ते जाहिरातीतच लिहिलेलं असतं. तुम्ही कर्ज घेताय हेही तुम्ही पहिल्याच फॉर्मवर लिहिलं होतं. लीजहोल्डचं काम जास्त असतं हे मी मनापासून मान्य करते. लीज वाचायची, सर्व्हिस चार्जचे तीन वर्षांचे हिशेब बघायचे, इमारत उंच असेल तर २०२२ च्या बिल्डिंग सेफ्टी कायद्याखालचे दाखले मागायचे. त्याचे वेगळे पैसे घेणं योग्यच, पण ते ९५० सांगताना त्याच पानावर सांगायचे असतात. मॉर्टगेजचंही तसंच. भारतात बँक आपल्या पॅनेलवरच्या वकिलाकडून टायटल तपासून घेते. इथे बहुतेक वेळा तुमचाच सॉलिसिटर बँकेसाठीही काम करतो, त्यामुळे 'बँकेचं काम' अशी ओळ दिसली की आपल्या लोकांना ती कुणा दुसऱ्याची फी वाटते. ती त्याच फर्मची फी आहे.

मात्र घाईने ईमेल लिहायच्या आधी दोन ठिकाणी बघा: पहिल्या पत्रासोबत आलेल्या अटींच्या पानांवर, आणि फर्मच्या वेबसाइटवरच्या दरांच्या पानावर. तिथे 'लीजहोल्ड असल्यास अधिक २५०' असं स्पष्ट छापलेलं असेल तर तुमची बाजू बरीच लंगडी पडते. छापलेलं नसेल, तर त्या पानाचा आजच्या तारखेचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.

ही अशी बिलं कशी तयार होतात ते मी आतून पाहिलंय. मी जिथे उमेदवारी केली त्या फर्ममध्ये अंतिम हिशेबाचा साचा संगणकात तयार असे. लीजहोल्डवर टिचकी मारली की एक रक्कम, कर्जावर मारली की दुसरी. हिशेब करणारी मुलगी लेखा विभागात, ग्राहकाला पहिलं पत्र पाठवणारा माणूस दुसऱ्या मजल्यावर, आणि त्या पत्रात काय कबूल केलंय हे साच्याशी कुणी ताडून बघत नसे. ग्राहकाने विचारलं की दहापैकी बऱ्याच वेळा मुकाट्याने कमी होत असे. न विचारणारा भरून मोकळा होई. मला ते तेव्हाही खटकायचं, आणि म्हणूनच सांगते, विचारायला लाजू नका.

वडिलांच्या पैशांचं प्रकरण वेगळं आहे, आणि आपल्या लोकांच्या बाबतीत ते खरोखर किचकट असतं. काळ्या पैशाविरुद्धच्या २०१७ च्या नियमांमुळे सॉलिसिटरला पैसा मूळ कुठून आला ते पाहावं लागतं. तुमच्या वडिलांनी साताऱ्याची जमीन विकून पैसे पाठवले. म्हणजे वडिलांची ओळख, हे कर्ज नसून बक्षीस आहे आणि घरात मला हिस्सा नको असं त्यांचं सहीचं पत्र, त्यांच्या खात्याचे उतारे आणि जमिनीचं खरेदीखत. अशाच एका कामात माझ्या इंग्रज सहकाऱ्याने सातबाऱ्याचा उतारा समोर धरला होता आणि हेक्टर-आरच्या रकान्यावर बोट ठेवून तो मला विचारत होता, की यातली विक्रीची किंमत कुठली. त्यात किंमत नसतेच हे समजावण्यात, मग खरेदीखताच्या भाषांतराची वाट बघण्यात दोन आठवडे गेले. पैसे आई-वडिलांच्या जोडखात्यातून निघाले तर देणारे दोन धरले जातात आणि तपासणीही दोघांची होते. तेव्हा १०० पौंड ही रक्कम मला अवाजवी वाटत नाही. प्रश्न एवढाच, की पहिल्या फॉर्मवर 'डिपॉझिटमध्ये कुणाची मदत आहे का' याला तुम्ही काय उत्तर दिलं होतं. 'नाही' लिहून नंतर वडिलांची मदत घेतली असेल तर ही ओळ निमूट मान्य करा. बँकेलाही हे बक्षीस कळवावं लागतं. ते कळवलंय ना, एवढं शुक्रवारच्या आत विचारून घ्या.

इथेच आणखी एक, अजून पैसे न मागवलेल्यांसाठी. भारतातून एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, पण १ एप्रिल २०२५ पासून अशा बक्षिसाच्या रकमेत वर्षभरात १० लाख रुपयांच्या वर जे जाईल त्यावर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापते. तो वडिलांना आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो किंवा परत मिळतो, पण तोपर्यंत तेवढी रक्कम अडकते. तिचा विचार आधी केलेला बरा.

लाइफटाइम आयसाची फी सर्रास घेतली जाते. त्यातले पैसे तुमच्या खात्यात न येता थेट सॉलिसिटरकडे यावे लागतात, त्यांना जाहीरपत्र भरावं लागतं, आणि पैसे आल्यापासून साधारणपणे ९० दिवसांत व्यवहार पुरा व्हावा लागतो. काम छोटं, पण जबाबदारीचं. खाती दोन म्हणून फी दोनदा. इथेही तारीख बघा आणि पुढे चला. बँक ट्रान्सफरच्या ४० पौंडांवर वेळ घालवू नका. फक्त लक्षात ठेवा, की बँक फर्मकडून जेवढे घेते त्याच्या वरचा भाग ही फर्मचीच फी असते. ते ४० 'बाहेरचा खर्च' या मथळ्याखाली दाखवले असतील तर तसा उल्लेख तक्रारीत जरूर करा.

खरी ओळ शेवटची. 'अतिरिक्त काम, ३५० पौंड.' खाली तारीख नाही, तास नाहीत, कारण नाही. अशी ओळ मी माझ्या ग्राहकाला पाठवणार नाही आणि तुम्हीही ती स्वीकारू नका.

फिक्स्ड फीमध्येही जास्तीचे पैसे मागता येतात, हे खरं. लीजमध्ये दोष निघाला आणि दुरुस्तीचा दस्त करावा लागला, विक्रेता मध्येच वारला, जागेचा एखादा तुकडा रजिस्टरवरच नाही असं आढळलं, तर ते काम आधी कुणालाच दिसलेलं नसतं. पण असं काही घडलं की चांगला सॉलिसिटर त्याच दिवशी कळवतो: हे असं निघालंय, त्याला अंदाजे एवढे तास लागतील, एवढी फी होईल, पुढे जाऊ का? तुम्ही 'हो' म्हटल्यावर ते काम सुरू होतं. याउलट समोरच्या सॉलिसिटरला पाच स्मरणपत्रं पाठवली, मॅनेजमेंट पॅक, म्हणजे मॅनेजिंग एजंटची कागदपत्रं, वाचून प्रश्न विचारले, तुमच्या ईमेलना उत्तरं दिली, याला अतिरिक्त काम म्हणत नाहीत. तेच तर मूळ काम. विक्रेत्याकडच्या दिरंगाईमुळे तुमच्या फाइलवर महिनाभर जास्त गेला असेल, तर फिक्स्ड फी सांगताना ती जोखीम फर्मने स्वतःवर घेतलेली असते.

म्हणून ईमेलमध्ये नेमकं विचारा: कोणतं काम, कोणत्या तारखेला, कुणी केलं, किती तास, कुठल्या दराने, आणि त्याची पूर्वकल्पना आम्हाला कोणत्या पत्राने दिली? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा येत नाही, आणि मग रक्कम कमी होऊन येते. सूर शांत ठेवा. हाच माणूस शुक्रवारी तुमचे पैसे पाठवणार आहे आणि नंतर तुमचं नाव लँड रजिस्ट्रीत लावणार आहे.

उत्तर समाधानकारक आलं नाही तर घरात राहायला गेल्यावर सवडीने फर्मकडे रीतसर तक्रार करा. तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव पहिल्याच पत्रात असतं. त्यांना आठ आठवडे मिळतात. त्यानंतरही पटलं नाही तर लीगल ऑम्बुड्समन, म्हणजे वकिलांच्या सेवेबद्दलच्या तक्रारी ऐकणारी स्वतंत्र यंत्रणा. तुम्हाला एक पेनीही खर्च येत नाही आणि फी कमी करण्याचा किंवा परत देण्याचा आदेश ते देऊ शकतात. फर्मच्या शेवटच्या उत्तरापासून सहा महिन्यांच्या आत आणि घटनेपासून एक वर्षाच्या आत जायचं. तुमचा माणूस सॉलिसिटर नसून लायसन्स्ड कन्व्हेयन्सर, म्हणजे घरखरेदी-विक्रीच्याच कामाचा परवाना असलेला, असला तरी दार तेच. सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीकडे अप्रामाणिकपणाच्या तक्रारी जातात. बिलाचा परतावा हवा असेल तर तिथे जाऊन उपयोग नाही. न्यायालयाकडून बिल तपासून घेण्याचाही मार्ग १९७४ च्या सॉलिसिटर्स कायद्यात आहे, पण एवढ्या रकमेसाठी मी तो सुचवणार नाही.

माझा अंदाज विचाराल तर लीजहोल्ड, मॉर्टगेज आणि अतिरिक्त काम मिळून ७५० पौंड आणि त्यावरचा १५० व्हॅट, असे ९०० पौंड वादात धरण्यासारखे आहेत. ते अटींच्या पानांवर नसतील, तर त्यातले बरेचसे परत मिळायला हवेत.

तुम्ही असंही लिहिलंय की हा सॉलिसिटर एस्टेट एजंटने सुचवला होता. एजंट विक्रेत्याचा असतो, आणि अशा शिफारशीमागे अनेकदा फर्मकडून त्याला काही पैसे मिळतात. फर्मने ते तुम्हाला सांगणं बंधनकारक आहे. पहिल्या पत्रात तो उल्लेख शोधा. जे अजून घर शोधताहेत त्यांनी एजंट कितीही आग्रह करू दे, स्वतः दोन-तीन ठिकाणी विचारावं आणि विचारताना सगळं सांगून टाकावं: लीजहोल्ड आहे, कर्ज आहे, आयसा आहे, वडील भारतातून पैसे देणार आहेत, आमचे हिस्से समान नाहीत. मग व्हॅटसकट शेवटचा आकडा मागावा. स्वस्त दिसणारं कोटेशन अशा वेळी बरंच वर चढतं, आणि महाग वाटलेलं तिथल्या तिथेच राहतं.

आता पुण्याचा फ्लॅट. तुमच्या हिशेबात स्टॅम्प ड्यूटी १,२५० पौंड लावलीय. १ एप्रिल २०२५ पासून पहिलं घर घेणाऱ्यांना ३,००,००० पर्यंत शून्य आणि त्यावर ५,००,००० पर्यंत ५ टक्के, त्या सवलतीने हा आकडा आलाय. पण ही सवलत मिळायला खरेदीदारांपैकी प्रत्येकाचं ते आयुष्यातलं पहिलं घर असावं लागतं, आणि 'पहिलं' म्हणजे जगात कुठेही पहिलं. पुण्यातलं, चिपळूणमधलं, वारशाने आलेलं, बक्षीस मिळालेलं, सगळं मोजलं जातं. सवलत गेली तर तुमची ड्यूटी ६,२५० होते. शिवाय कंप्लिशनच्या दिवशी जगात कुठेही दुसऱ्या घरात तुमचा ४०,००० पौंड किंवा त्याहून जास्त किमतीचा हिस्सा असेल, म्हणजे साधारण पंचेचाळीस-पन्नास लाख रुपयांचा, तर संपूर्ण किमतीवर आणखी ५ टक्के चढतात. मग आकडा २२,५०० पौंड होतो. इथलं घर फक्त पत्नीच्या नावावर घेऊनही सुटका होत नाही, कारण या जादा दरासाठी एकत्र राहणाऱ्या नवरा-बायकोंना एकच धरतात.

आपल्याकडे वडील फ्लॅट घेताना सोय म्हणून मुलाचं नाव घालतात, आणि तो मुलगा इथे प्रश्नावलीत 'दुसरं घर आहे का' याच्यापुढे अगदी निर्मळ मनाने 'नाही' लिहितो. मी हे वारंवार पाहिलंय. तुमचं नाव केवळ नावापुरतं असेल, पैसे पूर्ण वडिलांचे असतील, भाडं आणि कर तेच बघत असतील, तर तो हिस्सा तुमचा धरू नये असं म्हणायला जागा असू शकते. पण ते कागदांवर ठरतं आणि कर जाणणाऱ्या माणसाने ठरवायचं असतं. अनेक कन्व्हेयन्सिंग फर्म करसल्ला आपल्या कामात नाही असं अटींमध्येच लिहितात. त्यासाठी वेगळी फी मागितली तर ती मात्र बिनतक्रार द्या.

सॉलिसिटरला हे उद्या सकाळी कार्यालय उघडताच सांगा, फीच्या ईमेलच्या आधी आणि फोनवर. कंप्लिशननंतर १४ दिवसांत स्टॅम्प ड्यूटीचं विवरणपत्र जातं, ते तुमच्या वतीने जात असलं तरी त्यातल्या मजकुराची जबाबदारी तुमची असते. जास्त भरलं गेलं असं नंतर ठरलं तर ते दुरुस्त करून घ्यायला साधारण वर्षभर मिळतं. कमी भरलं तर व्याज आणि दंड लागतो. पुण्यात आत्ता रात्र असेल. वडिलांना आताच निरोप टाकून ठेवा, की उठल्या उठल्या फ्लॅटचा नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू आणि बिल्डरला पैसे गेले त्या खात्याचे उतारे स्कॅन करून पाठवा.